जुन्या ग्रंथालयांना धक्का न लावता नवे डीफॉल्ट: आवृत्ती ४ च्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

आवृत्ती ४ चे काम आज सुरू झाले. आमची प्रणाली सार्वजनिक ग्रंथालयांची पुस्तक देवघेव, सभासद नोंदणी, वर्गणी आणि दाखल नोंदवही सांभाळते. ती वापरणारी बहुतेक ग्रंथालये तालुक्याच्या गावची किंवा त्याहून लहान आहेत. एक ग्रंथपाल, एक लिपिक, काउंटरवर एक संगणक आणि फार तर आतल्या खोलीत दुसरा, अशी तिथली व्यवस्था असते. प्रणाली काही वर्षांपूर्वी कोणीतरी बसवून दिलेली असते आणि त्यानंतर सेटिंगचे पान क्वचितच उघडले जाते. त्यामुळे आम्ही जे डीफॉल्ट (कोणी काही न निवडल्यास आपोआप लागू होणारे मूल्य) ठेवले, तेच त्या ग्रंथालयाचे रोजचे नियम होऊन बसले आहेत. ते बदलताना एखादी प्रोग्रामची ओळ बदलतो आहोत असे मानून चालणार नाही.

या आवृत्तीत पाच डीफॉल्ट बदलायचे आहेत. याद्या मराठी वर्णक्रमाने लागाव्यात. ग्रंथालय बंद असलेल्या दिवसांचा विलंब दंड आकारला जाऊ नये. पासवर्ड अधिक भक्कम पद्धतीने साठवले जावेत. प्रणालीने केवळ स्वतःच्या संगणकावरून आलेल्या जोडण्या स्वीकाराव्यात. रोजचा बॅकअप आपोआप निघावा. नव्याने बसवणाऱ्या ग्रंथालयासाठी यांतल्या एकाही बदलाविषयी वाद नाही. कामाचा सगळा कस जुन्या ग्रंथालयांच्या अपग्रेडमध्ये लागणार आहे, आणि त्यासाठी एकच कसोटी आम्ही लिहून ठेवली: अपग्रेड रात्री झाले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या माणसाला आदल्या दिवशीचेच काम आदल्या दिवशीसारखेच करता आले पाहिजे.

६ नोव्हेंबर २०२५

सेटिंगच्या तक्त्याची रचना आज नीट तपासली. या तक्त्यात कोणीतरी बदललेल्या सेटिंगचीच ओळ असते. जिथे ओळ नाही, तिथे प्रोग्राममध्ये लिहिलेले मूल्य वापरले जाते. रचना सुटसुटीत आहे, पण तिच्यातून एक महत्त्वाची माहिती हरवते. ओळ नसण्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एका ग्रंथपालाने सेटिंग पाहिले, त्याला ते पटले आणि त्याने ते तसेच ठेवले; दुसऱ्याने ते कधी पाहिलेच नाही. तक्त्यात दोघेही सारखेच दिसतात. प्रोग्राममधले मूल्य बदलले, की दोघांचेही काम एकाच रात्रीत बदलेल, आणि पहिल्याला तर आपण ठरवलेली गोष्ट परस्पर मोडली गेली असे वाटेल. ते वाटणे रास्तच असेल.

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला, तेही पाहिले. प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने मे २०१४ मध्ये आलेल्या आवृत्ती २.० मध्ये बदल पुढे पाठवण्याची मूळ रीत बदलली. त्यापूर्वी बराच काळ, ज्यांनी ही रीत स्वतः ठरवलेली नव्हती त्यांनाच सूचना दिसत असे, आणि जुनी रीत ठेवायची असेल तर कोणती आज्ञा द्यावी व नवी आतापासूनच हवी असेल तर कोणती, हे दोन्ही त्या सूचनेतच लिहिलेले असे. वेब प्रणाली बांधण्याची चौकट असलेल्या जँगोने एप्रिल २०२१ मध्ये आवृत्ती ३.२ आणताना वेगळी वाट धरली. नोंदींचे आपोआप वाढणारे क्रमांक ३२ बिटांचे असत, म्हणजे ते २१४ कोटींच्या थोडे पुढे संपत. नव्या प्रकल्पासाठी तयार होणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्येच ६४ बिटांची निवड लिहून दिली गेली. जुन्या प्रकल्पांच्या फाइलमध्ये ती ओळ नसल्याने त्यांचे क्रमांक होते तसेच राहिले आणि त्यांना फक्त इशारा मिळू लागला. चौकटीचे स्वतःचे डीफॉल्ट त्या वेळी बदललेच नाही.

मला ही दुसरी वाट अधिक पटते. नवा माणूस आणि जुना माणूस यांना वेगळे ओळखण्यासाठी त्यांना काही विचारावे लागत नाही. एक नव्या फाइलने सुरुवात करतो, दुसरा जुनी फाइल घेऊन येतो, एवढ्यावर काम भागते.

१२ नोव्हेंबर २०२५

पहिला प्रस्ताव असा होता, की अपग्रेडच्या वेळी सर्वांत आधी सगळी जुनी मूल्ये तक्त्यात लिहून टाकावीत, म्हणजे ती पक्की होतील, आणि मग प्रोग्राममधले डीफॉल्ट बदलावे. काम चोख होईल, यात शंका नाही. पण त्यानंतर तक्त्यातली प्रत्येक ओळ माणसाने निवडल्यासारखी दिसेल, आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी खऱ्या निवडी कोणत्या व आम्ही लिहिलेल्या कोणत्या, हे कोणालाच सांगता येणार नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. आवृत्ती २ च्या काळात बसवलेल्या ग्रंथालयांत तेव्हाच्या स्थापना विझार्डने (पायरीपायरीने विचारत प्रणाली बसवणाऱ्या प्रोग्रामने) सगळी मूल्ये तक्त्यात लिहिलेली आहेत. एका ग्रंथालयाच्या तक्त्यात एक्केचाळीस ओळी सापडल्या, त्यांपैकी अडतीस एकाच मिनिटातल्या आहेत. त्या अडतीस ओळी उघडच विझार्डच्या आहेत. मात्र विझार्डच्या पानावर कोणी एखादे मूल्य तेव्हाच बदलले असेल, तर तेही त्याच मिनिटात नोंदले गेले असणार. अशा सर्व ओळी निवड म्हणूनच मानायच्या, असे आम्ही ठरवले. निवड नसलेल्या गोष्टीला निवड मानले, तर ग्रंथालय जुन्या रीतीने चालत राहते आणि फार तर नव्या सोयीला उशिरा पोचते. उलट, खऱ्या निवडीला ती निवड नाही असे मानले, तर कोणाचे तरी चालते काम बिघडते. दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून संशयाचा फायदा जुन्या मूल्याला द्यायचा.

१४ नोव्हेंबर २०२५

रचना ठरली. सेटिंगच्या तक्त्यात माणसाने केलेल्या निवडीच राहतील. त्याशिवाय डेटाबेसमध्ये ‘डीफॉल्ट संच’ नावाचा एक आकडा ठेवला जाईल. जुन्या ग्रंथालयांत तो ३ असेल, नव्यांत ४. एखादे मूल्य हवे असेल तेव्हा प्रणाली आधी निवड पाहील, ती नसेल तर त्या संचातले मूल्य घेईल. संच ३ ची सर्व मूल्ये प्रोग्राममध्ये एका फाइलमध्ये गोठवून ठेवली जातील आणि त्या फाइलला यापुढे कोणी हात लावणार नाही.

या कल्पनेचे श्रेय रेल्स ही वेब प्रणालींची चौकट आणि गो ही प्रोग्रामिंगची भाषा यांच्याकडे जाते. रेल्सच्या प्रकल्पात कोणत्या आवृत्तीचे डीफॉल्ट लागू करायचे, हे एका ओळीत लिहिलेले असते. अपग्रेडची आज्ञा दिली, की नव्या डीफॉल्टची एक फाइल तयार होते आणि तिच्यातली प्रत्येक ओळ निष्क्रिय ठेवलेली असते. प्रकल्प चालवणारा एकेक ओळ सक्रिय करून पाहतो आणि सगळ्या पटल्या की आवृत्तीचा आकडा वाढवतो. गो भाषेने फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्ती १.२२ मध्ये तर लूपमधल्या (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागातल्या) चलाचा अर्थच बदलला. तो चल पूर्वी सगळ्या फेऱ्यांत मिळून एकच असे. आता दर फेरीला नवा असतो. जुन्या रीतीमुळे कित्येकांच्या प्रोग्राममध्ये सूक्ष्म दोष शिरत, त्यामुळे नवी रीत निर्विवादपणे चांगली होती. तरीही ज्या मॉड्यूलच्या फाइलमध्ये १.२२ किंवा त्यापुढचा आकडा लिहिलेला आहे, त्यालाच ती लागू होते. भाषेचा अर्थ बदलणाऱ्यांनी एवढी काळजी घेतली, तर आम्ही दंडाचा हिशेब बदलताना ती घेतलीच पाहिजे.

२० नोव्हेंबर २०२५

वर्णक्रमाचा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे, म्हणून त्याला जास्त वेळ दिला.

आजवर आमच्या याद्या युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांनुसार लागत होत्या. त्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच नंतर, ‘व’ च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ च्या नंतर येतो. सभासदांची यादी घेतली, तर आमच्याकडे कालेलकर, काळे, कावळे, काशीकर असा क्रम लागतो. मराठी क्रमाने तो कालेलकर, कावळे, काशीकर, काळे असा लागला पाहिजे. नव्या ग्रंथालयाला मराठी क्रम मिळावा, हे उघड आहे. पण एका ग्रंथालयात जाऊन पाहिले, तेव्हा जुना क्रम संगणकाबाहेरही पसरलेला आढळला. सभासदांची कार्डे लाकडी खणांत त्याच क्रमाने लावलेली होती आणि काळे मंडळींचा गठ्ठा कालेलकरांच्या मागेच होता. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “यादी छापून घेतो आणि तिच्याप्रमाणे कार्डं लावतो. तुम्ही यादी बदललीत, तर मला खण रिकामे करून पुन्हा लावायला लागतील. ते मी करीन, पण कधी करायचं ते मला ठरवू द्या.” त्यांचे म्हणणे मी जसेच्या तसे आराखड्यात उतरवून ठेवले आहे, कारण अपग्रेडचा दिवस आणि बदलाचा दिवस वेगळे का असावेत, याचे याहून स्पष्ट कारण आम्हाला देता आले नसते.

तांत्रिक बाजूही जपण्यासारखी आहे. आमचा डेटाबेस असलेल्या पोस्टग्रेसमध्ये मजकुराच्या स्तंभावरचा इंडेक्स (नोंदी शोधण्याची सूची) वर्णक्रमानुसार रचलेला असतो. क्रम बदलला आणि इंडेक्स जुनाच राहिला, तर नोंद असूनही शोधात सापडत नाही, आणि एकच क्रमांक दोनदा न येऊ देणारे बंधनही निसटू शकते. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसी या लिनक्समधल्या पायाभूत घटकाची आवृत्ती २.२८ आली आणि त्यातले वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. पुढे लिनक्सच्या ज्या वितरणांत ते शिरले, तिथे ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करणाऱ्या अनेकांचे इंडेक्स असे बिघडले, आणि त्यांनी स्वतः डेटाबेसला हातही लावलेला नव्हता. आमचा जुना क्रम नुसत्या क्रमांकांवर आधारलेला असल्याने त्या वेळी आमच्या ग्रंथालयांना झळ लागली नाही. नवा क्रम आयसीयू या भाषांचे वर्णक्रम पुरवणाऱ्या घटकावर आधारलेला असेल, आणि पोस्टग्रेस १६ पासून त्यात स्वतःचे नियम जोडता येत असल्याने ‘ळ’ ची जागा आम्हीच स्पष्टपणे लिहून देऊ. त्याबरोबर एक जबाबदारीही येते: आयसीयूची आवृत्ती बदलली, की इंडेक्स पुन्हा बांधावे लागतील. पोस्टग्रेस वर्णक्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवते आणि ती जुळली नाही तर इशारा देते. तो इशारा डेटाबेसच्या लॉग फाइलमध्ये पडून राहू नये, म्हणून आमची प्रणाली सुरू होतानाच तो तपासेल.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचा निर्णय आज लागला नाही. काही ग्रंथालये ‘क्ष’ ला ‘क’ मध्ये धरतात, काही वर्णमालेच्या शेवटी.

२८ नोव्हेंबर २०२५

पासवर्डचे काम सोपे निघाले. येथे जुन्या आणि नव्या ग्रंथालयांत भेद करण्याची गरज नाही, कारण साठवणीची पद्धत बदलल्याने वापरणाऱ्याच्या हाताला काहीच वेगळे लागत नाही. जँगोमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे: माणूस बरोबर पासवर्ड देऊन आत आला, की त्याच क्षणी तो नव्या पद्धतीने पुन्हा साठवला जातो. जो कधीच येत नाही, त्याचा जुनाच राहतो. अशा निद्रिस्त खात्यांची यादी आम्ही ग्रंथपालांना दाखवू.

डेटाबेसच्या स्वतःच्या पासवर्डबाबत मात्र सावध राहायला हवे. पोस्टग्रेसने पासवर्डची अधिक भक्कम अशी स्क्रॅम पद्धत २०१७ मध्ये आवृत्ती १० बरोबर आणली, पण ती डीफॉल्ट केली आवृत्ती १४ मध्ये, २०२१ साली. मधली वर्षे डेटाबेसशी जोडणी करून देणाऱ्या निरनिराळ्या प्रोग्रामना ती पद्धत आत्मसात करण्यासाठी मिळाली. आतल्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर एखादा फार जुना ड्रायव्हर (असाच जोडणीचा प्रोग्राम) असेल, तर त्याला स्क्रॅम समजणार नाही आणि अहवाल निघणे थांबेल. म्हणून डेटाबेसचा पासवर्ड अपग्रेडच्या वेळी बदलायचा नाही. एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवलेला पासवर्ड तसाच चालू राहतो. नवा दिला जाईल तेव्हा तो नव्या पद्धतीने साठवला जाईल.

९ डिसेंबर २०२५

३ डिसेंबरला जँगो ६.० प्रसिद्ध झाले आणि नोंदींच्या क्रमांकाचे चौकटीतले मूळ डीफॉल्ट अखेर ६४ बिटांचे झाले. २०२१ मध्ये नव्या प्रकल्पांना दिलेली निवड सर्वांसाठी डीफॉल्ट व्हायला चार वर्षांहून अधिक काळ जाऊ दिला गेला. ही बातमी आज मुद्दाम नोंदवतो, कारण आजचा विषय नेमका हाच आहे: जुने मूल्य किती काळ सांभाळायचे?

सुरक्षेशी संबंधित डीफॉल्टच्या बाबतीत ‘कायमचे’ हे उत्तर मला मान्य नाही. मोंगोडीबी डेटाबेस पूर्वी काही प्रकारे बसवला तर सर्व दिशांनी येणाऱ्या जोडण्या स्वीकारत असे, आणि पासवर्डची सक्तीही नसे. लिनक्सच्या तयार पॅकेजमध्ये ते डीफॉल्ट आवृत्ती २.६ पासून सुधारले गेले, पण जुन्या स्थापना तशाच उघड्या राहिल्या. २०१७ च्या सुरुवातीला इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागण्याचे प्रकार घडले. त्याच वर्षाअखेरच्या आवृत्ती ३.६ पासून सर्वच प्रकारच्या स्थापनेत फक्त स्वतःच्या संगणकापुरते ऐकणे हे डीफॉल्ट झाले. नवे डीफॉल्ट चांगले असून भागत नाही. जुन्या मूल्यावर बसून राहिलेल्यांपर्यंत कोणीतरी पोचावे लागते.

दुसरीकडे, अपग्रेडच्या रात्री दार लावून टाकले, तर आतल्या खोलीतला संगणक तुटेल आणि सकाळी वर्गणीच्या पावत्या निघणार नाहीत. ठरले ते असे. अपग्रेडनंतर जुने मूल्य चालू राहील, पण प्रणाली कोणकोणत्या संगणकांवरून जोडण्या येतात याची नोंद ठेवू लागेल आणि ती यादी प्रशासकाच्या पानावर वरच दिसेल: ‘काउंटर’, ‘आतली खोली’, आणि ज्याला नाव दिलेले नाही असा कोणी असेल तर तोही. प्रशासक ओळखीच्या संगणकांना परवानगी देऊन बाकी सर्वांना एका बटणाने बंद करू शकेल. आवृत्ती ५ मध्ये यादीत नसलेल्या संगणकांची जोडणी नाकारली जाईल, हे आतापासून लेखी कळवले जाईल. म्हणजे दार बंद होईल तेव्हा ज्यांना आत यायचे आहे त्यांची नावे आधीच लिहिलेली असतील.

१८ डिसेंबर २०२५

दंडाचा विषय हाती घेतल्यावर लक्षात आले, की हे डीफॉल्ट खरे म्हणजे आमचे नाहीच.

उदाहरण साधे आहे. पुस्तक ८ तारखेला परत करायचे होते, सभासदाने ते १२ ला आणले, आणि १० तारखेला ग्रंथालयाला साप्ताहिक सुट्टी होती. दंड दिवसाला एक रुपया असेल, तर जुन्या नियमाने चार रुपये होतात, नव्याने तीन. सभासदाचा फायदाच आहे, मग अडचण काय, असे चर्चेत कोणीतरी विचारले. अडचण दोन प्रकारची आहे. विलंब दंडाचा दर आणि रीत कार्यकारी मंडळाच्या ठरावाने ठरते, आणि पावत्यांचा हिशेब लेखापरीक्षणात त्या ठरावाशी ताडून पाहिला जातो. ठराव न होता आर्थिक वर्षाच्या मध्येच पावत्या वेगळ्या निघू लागल्या, तर जाब ग्रंथपालाला द्यावा लागेल. दुसरी अडचण न्यायाची आहे. एकाच दिवशी पुस्तके नेलेल्या दोघांपैकी एकाने अपग्रेडच्या आदल्या दिवशी परत केले आणि दुसऱ्याने नंतर, तर दोघांना वेगळा हिशेब लागेल.

म्हणून नियम पुस्तक नेण्याच्या नोंदीला चिकटवायचा, असे ठरले. प्रत्येक देवघेवीच्या नोंदीत ती ज्या दंड नियमाखाली झाली त्याचा क्रमांक राहील, आणि पुस्तक कधीही परत आले तरी हिशेब त्याच नियमाने होईल. ग्रंथालयाने नवा नियम स्वीकारला, की ‘कोणत्या तारखेपासून नेलेल्या पुस्तकांना’ हे विचारले जाईल आणि ठराव क्रमांकासाठी एक रकाना दिला जाईल. पुढच्या आर्थिक वर्षाची १ एप्रिल ही तारीख तिथे आधीच भरलेली दिसेल, ती बदलता येईल. जुन्या सर्व नोंदींना अपग्रेडच्या वेळी जुन्या नियमाचा क्रमांक मिळेल.

५ जानेवारी २०२६

सूचना लिहिण्याचे काम आज झाले. गिटची सूचना उपयोगी पडली, कारण ती वाचणारा आणि निर्णय घेणारा माणूस एकच होता. आमच्याकडे तसे नाही. पडद्यासमोर बसलेल्या लिपिकाला दंडाचा नियम बदलण्याचा अधिकार नाही, आणि अधिकार असलेले कार्यवाह पडद्यासमोर बसत नाहीत. लिपिकाला रोज सकाळी सूचना दाखवली, तर तो ती वाचणे सोडून देईल आणि पुढची खरोखर निकडीची सूचनाही न वाचता बंद करील. म्हणून काउंटरच्या पडद्यावर काहीही दाखवायचे नाही. ग्रंथपालाच्या पानावर प्रत्येक बदलाची एक नोंद राहील, ती छापता येईल, आणि ती छापील प्रत मंडळाच्या सभेत ठेवता येईल अशा भाषेत असेल. वर्णक्रमाची नोंद अशी लिहिली आहे:

“आपल्या ग्रंथालयाच्या याद्या सध्या पूर्वीच्याच क्रमाने लागत आहेत आणि आपण सांगेपर्यंत तशाच लागतील. मराठी वर्णमालेनुसार ‘ळ’ हा ‘ह’ नंतर घेणारा क्रम आता उपलब्ध आहे. तो स्वीकारल्यास काळे, माळी, साळवी यांसारख्या नावांची यादीतील जागा बदलेल. छापील याद्या व कार्डांचे खण या क्रमाने लावलेले असल्यास बदलाची तारीख त्याप्रमाणे निवडावी. स्वीकारल्यानंतरही पूर्वीच्या क्रमाकडे परत येता येते.”

शेवटचे वाक्य खरे ठरावे म्हणून परत येण्याची वाटही तपासून पाहिली जात आहे. वर्णक्रमाच्या बाबतीत ती सरळ आहे. दंडाच्या बाबतीत परत येणे म्हणजे नव्या तारखेपासून आणखी एक नियम लागू करणे, म्हणून तिथे वेगळे वाक्य आहे.

१६ जानेवारी २०२६

रंगीत तालीम झाली. तीन ग्रंथालयांनी नावे बदलून दिलेल्या प्रतींवर अपग्रेड चालवले. आधी आणि नंतर सगळे अहवाल काढले, सभासद यादी, थकबाकी, दाखल नोंदवहीचे उतारे, आणि फाइली अक्षरन् अक्षर ताडून पाहिल्या. अपेक्षा अशी, की एकही फरक दिसू नये.

अहवालांत फरक नव्हता, पण एका यंत्रावर रात्री बॅकअपच्या फाइली तयार होऊ लागल्या. संच ३ मध्ये स्वयंचलित बॅकअप बंद आहे, तरीही ते चालू झाले होते. बॅकअपचा नवा विभाग आपले डीफॉल्ट संचाकडून घेत नव्हता, ते त्याच्याच फाइलमध्ये लिहिलेले होते. बॅकअप ही चांगली गोष्ट आहे, निघाले तर बिघडले काय, असे म्हणता येईल. पण त्या यंत्राची डिस्क जवळजवळ भरलेली होती आणि काही रात्रींत ती पूर्ण भरून डेटाबेसच थांबला असता. आता कोणत्याही विभागाला डीफॉल्ट मिळण्याची वाट एकच ठेवली आहे आणि ती डावलणारा बदल चाचणीतच अडवला जाईल. बॅकअप सुरू करण्यासाठी ग्रंथपालाने होकार दिला, तर प्रणाली आधी मोकळी जागा मोजेल आणि किती दिवसांचे बॅकअप मावतील ते सांगेल.

२७ जानेवारी २०२६

एक महत्त्वाची शक्यता आज चर्चेत आली. ग्रंथालयाचा संगणक जुना होतो, अनुदानातून नवा येतो, त्यावर आवृत्ती ४ नव्याने बसवली जाते आणि मग जुन्या यंत्रातला बॅकअप त्यात भरला जातो. प्रणालीच्या दृष्टीने ही नवी स्थापना आहे, पण ग्रंथालय मात्र जुनेच आहे. संचाचा आकडा यंत्रावरच्या फाइलमध्ये असता, तर अशा ग्रंथालयाला नकळत संच ४ मिळाला असता. तो डेटाबेसमध्ये ठेवल्याने माहितीबरोबरच प्रवास करतो. आवृत्ती ३ च्या बॅकअपमध्ये मात्र असा आकडा असणारच नाही. म्हणून आकडा नसेल तर संच ३ असेच मानायचे, आणि ४ हा आकडा केवळ रिकाम्या डेटाबेसवरच लिहायचा. हा नियम चाचण्यांत सर्वांत वर ठेवला आहे.

९ फेब्रुवारी २०२६

काही ग्रंथालयांत आवृत्ती ४ गेली. एका ग्रंथपालांनी फोन करून विचारले, “सर, अपग्रेड झालंय ना नक्की? मला तर काहीच वेगळं दिसत नाही.” आवृत्तीचा आकडा कुठे दिसतो ते त्यांना सांगितले, आणि बदलांचे पान उघडून त्यांच्याबरोबर फोनवरच वाचले. रोजचा बॅकअप त्यांनी तिथल्या तिथे सुरू केला. दंडाचा विषय मंडळापुढे ठेवणार आहेत.

३ मार्च २०२६

पोस्टग्रेस १८ ने सप्टेंबर २०२५ पासून नव्या डेटाबेससाठी डेटा चेकसम डीफॉल्टने चालू केले आहेत, म्हणजे डिस्कवरचे पान खराब झाले तर ते वाचतानाच कळते. ही सोय २०१३ पासून होती, पण मागावी लागत असे. जुना समूह (एका सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस मिळून) चेकसमविना असेल, तर थेट अपग्रेड करताना नवा समूहही चेकसम बंद ठेवूनच बनवावा लागतो, दोन्ही जुळले नाहीत तर अपग्रेडची आज्ञा पुढे जात नाही. आमच्या अपग्रेडमध्ये हे आपोआप जुळवले जाईल. चेकसम नंतर चालू करता येतात, पण त्यासाठी डेटाबेस बंद ठेवावा लागतो. वार्षिक ग्रंथ पडताळणीसाठी देवघेव बंद असते, तो काळ याला योग्य आहे. बदलांच्या पानावर तसे सुचवले आहे.

२ एप्रिल २०२६

कार्डांच्या खणांविषयी बोललेल्या ग्रंथपाल बाईंनी कालपासून मराठी वर्णक्रम स्वीकारला. वर्षअखेरच्या पडताळणीत कार्डे बाहेर काढावी लागतातच, त्याच वेळी ती नव्या यादीप्रमाणे लावली. दोन ग्रंथालयांनी दंडाचा नवा नियम ठरावासह १ एप्रिलपासून लागू केला आहे; मार्चमध्ये नेलेली पुस्तके परत येतील तेव्हा त्यांचा हिशेब जुन्याच रीतीने होतो की नाही, हे महिनाभर पावत्यांवरून तपासायचे आहे. जोडण्यांच्या यादीत एका ठिकाणी नाव नसलेला संगणक दिसला. तो ग्रंथालयाच्या वाचनकक्षात विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला होता आणि त्याला डेटाबेसपर्यंत पोचण्याचे काहीच कारण नव्हते. ती जोडणी ग्रंथपालांनी बंद केली.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्याविषयी ग्रंथालयांकडून आलेली उत्तरे दोन्ही बाजूंची आहेत आणि दोन्ही बाजूंना आपापली कारणे आहेत. येथे आम्ही डीफॉल्ट ठेवणार नाही. नव्या स्थापनेत कालेलकर ते काळे ही छोटी यादी आणि तिच्याखाली क्षीरसागर हे नाव दोन जागी दाखवून कोणती जागा हवी ते विचारले जाईल, आणि उत्तर मिळाल्याशिवाय स्थापना पुढे जाणार नाही. जुन्या ग्रंथालयांत संच ३ ची जागा राहील. त्या पानाचा मसुदा पुढच्या आठवड्यात तीन ग्रंथपालांना दाखवायचा आहे.